फाटक्या पडद्याचा आवाज

मी एक स्पीकर बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचंच बोललो, त्यामुळे स्वतःचं सांगताना जरा अडखळतो. सांभाळून घ्या.

माझ्या उमेदीची वर्षं मोंतेविदेओ शहरातल्या एका नाचाच्या क्लबात गेली. कार्निव्हलच्या दिवसांत मी असा काही गाजायचो की शेजारच्या म्हाताऱ्या बायका क्लबवाल्याच्या नावाने बोटं मोडायच्या. पुढे नवे चकचकीत स्पीकर आले आणि माझी रवानगी रविवारच्या जुन्या बाजारात झाली. तिथे, गंजक्या इस्त्र्यांच्या शेजारी, निदियाने मला पाहिलं.

निदिया फोटो काढते, पण माणसांचे नाहीत. तिने मला उताणा निजवला, माझ्या कागदी पडद्यावर पातळ रबर ताणलं आणि त्यावर रंग ओतले. मग अंधार केला. मी गाऊ लागलो की रंग उसळायचे आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत फ्लॅश चमकायचा. फोटोत निळे-पिवळे रंग हवेत थबकून उभे! कुणाला त्यात झाड दिसे, कुणाला भांडण. लोक माना वाकड्या करून बघत आणि काही कळलं नाही तरी "वा!" म्हणत. मी मात्र मनातल्या मनात फुगायचो.

निदियाचा भाऊ दारियो मासेमारीच्या बोटीवर होता. परतीला निघताना त्याने कुठल्याशा बंदरातून घरच्या फोनवर निरोप ठेवला. त्या निरोपाची टेप उरली, बोट आली नाही. त्या दोघांची आई एल्विराबाई पुढे पार बहिरी झाली. समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायची. टेपला कुठले ओठ?

एकदा ती लेकीला म्हणाली, "अगं, तू आवाजाचे फोटो काढतेस ना? मग माझ्या पोराचा काढ. ऐकू येत नाही, तर निदान बघू दे."

निदियाने टेप लावली. "आई, उद्या पोचतोय. गरम तोर्ता तळून ठेव, गारठलोय नुसता." इतका मऊ आवाज, की रंग जागचे हलेनात. तिने आवाज वाढवला. आणखी वाढवला. रंग उसळले, फ्लॅश चमकला आणि माझा पडदा टर्रकन फाटला.

फोटो अप्रतिम आला होता. एल्विराबाईने तो मांडीवर घेऊन कितीतरी वेळ पाहिला.

"हा माझा दारियो नव्हे," ती म्हणाली. "तो कधी माझ्यावर ओरडला नाही गं."

निदिया ढसाढसा रडली. मग तिने रबर काढून माझं अंग पुसलं, टेप पुन्हा लावून आवाज कमी केला आणि आईचा तळहात माझ्यावर ठेवला. मी जिवाचा आटापिटा केला, पण शब्द काही निघेनात. फाटलेला कागद तेवढा थरथरला. आणि म्हातारीचा चेहरा उजळला!

"हाच! गारठला की अस्साच घोगरा बोलायचा माझा सोन्या!"

निदियाने धडधाकट स्पीकर आणून पाहिला. एल्विराबाईने हात लावला आणि लगेच काढून घेतला. "हा कोण परका?"

आता मी त्यांच्या स्वयंपाकघरात असतो. रोज संध्याकाळी टेप लागली की एल्विराबाई माझ्यावर हात ठेवते आणि म्हणते, "तळते हो बाळा, ये लवकर." माझी चीर वाढत चाललीय. निदिया मला दुरुस्त करायचं म्हणते. तसं झालं तर मी पुन्हा नीट बोलेन, आणि म्हातारीचा मुलगा दुसऱ्यांदा जाईल. तेव्हा मला असाच राहू द्या, जितके दिवस निभेन तितके. आणि तिच्या हाताखाली थरथरतो तो दारियो नाही, मी आहे, एवढं तिला सांगू नका.