दगडी म्हातारी आणि माझा डावा खटका

मित्रांनो, मला कोणी काही विचारलेलं नाही. तरी मी बोलणार आहे, कारण गप्प बसून बसून माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. मी व्हिडिओ गेमचा एक जुना कंट्रोलर आहे. माझ्या बटणांवरची चिन्हं पुसली गेली आहेत, डाव्या दांडीचं रबर झिजून गुळगुळीत झालं आहे, आणि माझ्या फटीत मक्याच्या केंकीचा, म्हणजे आंबवून उकडलेल्या गोळ्याचा, एक कण अडकला आहे तो आजतागायत कोणी काढलेला नाही. जेवून हात धुवायला काय होतं हो माणसांना?

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे एका बाईने माझं प्रत्येक बटण दाबून पाहिलं, मागचे दोन्ही खटके ओढून पाहिले आणि समाधानाने मान हलवली. आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी. पुढे एका थंड देशातल्या घरात राहिलो. तिथे नवा कंट्रोलर आला, मी अडगळीत गेलो, आणि एक दिवस जुन्या फ्रिज-टीव्हींबरोबर जहाजात बसून ताकोराडी नावाच्या बंदरात उतरलो. तिथून मला गेमच्या टपरीवाल्याने उचललं. बापरे, ती टपरी! दिवसभर फुटबॉल. गोल केला की मला हवेत उडवायचे, गोल खाल्ला की बाकावर आपटायचे. हरणारा प्रत्येक जण म्हणायचा, "पॅडच खराब आहे!" म्हणजे खेळता येत नाही यांना, आणि खराब मी.

म्हणून आराबाने मला घरी आणलं तेव्हा वाटलं, सुटलो. कसलं सुटलो!

आराबा बंदराशेजारच्या सेकोंदी गावात राहते आणि शाळेचे गणवेश शिवते. घरात ती आणि तिचे वडील, दोघंच. पापा एबो बंदरात क्रेन चालवायचे. एक दिवस त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, पण उजवा हात लुळाच राहिला. हॉस्पिटलमधल्या बाईने सांगितलं, बोटं हलती ठेवा, त्यांना काहीतरी खेळू द्या. म्हणून मी.

पण मित्रांनो, खरं दुखणं वेगळंच होतं. आमच्याकडे डावा हात कोणापुढे करत नाहीत. द्यायचं, घ्यायचं, हात मिळवायचा, रस्ता दाखवायचा, सगळं उजव्याने. पोराने डाव्या हाताने काही पुढे केलं की टपली बसते. आणि पापांकडे आता उरला होता तो डावाच. म्हणून त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. चर्च सोडलं, लोकांच्या मयताला जाणं सोडलं. समोरच्या बदामाच्या झाडाखाली रोज दुपारी दामे या सोंगट्यांच्या खेळाचा पट मांडला जायचा. त्या सोंगट्यांत पापांचा हात धरणारा कोणी नव्हता. तेही त्यांनी सोडलं.

त्यांचा मित्र क्वामेना रोज खिडकीशी येऊन ओरडायचा.

"एबो, ए एबो! मेलास का रे आत?"

"मेलो. मयताला ये."

"जेवायला काय आहे ते आधी सांग, मग येतो. अरे, बाहेर ये लेका! त्या वेल्डरच्या पोराने मला हरवून हरवून माझं नाक कापलंय."

"जा बाबा. मला काम आहे."

"कसलं काम? टीव्हीतली भुतं मारायचं?"

"हो. तुझ्यापेक्षा बरी दिसतात ती."

क्वामेना हसत निघून जायचा. पापा मात्र हसायचे नाहीत. ते खिडकीतून झाडाकडे बघत बसायचे. मला ते बघवायचं नाही.

आता खेळाचं सांगतो. आराबाला खरं तर फुटबॉलचा खेळ आणायचा होता. पापा म्हणाले, "पायाने खेळायचं ते हाताने काय खेळायचं?" मग टपरीवाल्याने तिच्या गळ्यात एक भलतीच तबकडी मारली. तिच्या डब्यावरची लिपी सेकोंदीत कोणाला वाचता येत नाही, आणि आत इंग्रजी होतं तेही तोडकंमोडकं. तलवारबहाद्दर, जादूगार, दलदल, राक्षस. गावात दुसरं कोणी हा खेळ खेळत नाही, त्यामुळे विचारायची सोय नाही.

आणि काय तो खेळ! असा छळवादी खेळ मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आपला बहाद्दर दहा पावलं चालला की दलदलीत रुततो. बरोबरचा जादूगार संकट आलं की आधी स्वतः पळतो. खेळ सेव्ह करायचा खांब एकच, तोही दलदलीच्या अलीकडे. म्हणजे पुढे मेलात की पुन्हा सगळी दलदल तुडवा. आणि मरायच्या आधी लाईट गेली तरीही तुडवा! लाईट तर आमच्याकडे पाहुण्यासारखी येते आणि न सांगता जाते.

खेळायची त्यांची रीत अशी. दोघं कोचावर चिकटून बसायचे. माझी डावी बाजू पापांच्या डाव्या हातात. उजव्या बाजूला पापांचा लुळा हात ठेवायचा, आणि त्याच्या बोटांवर आराबा आपली बोटं ठेवायची. पापा बहाद्दराला चालवायचे आणि डाव्या खटक्याने ढाल उचलायचे. आराबा त्यांच्या बोटांसकट उजवा खटका दाबून तलवार चालवायची. दोन माणसं, एक मी. काय ती ओढाताण! पण सांगतो, एरवी या घरात शिलाईच्या यंत्राशिवाय आवाज नसायचा. या खेळात दोघं बोलायची, भांडायचीसुद्धा. "पापा, ढाल! ढाल!" "अगं, उचलतोय ना!" "मेलो की!" "तू मारायचं सोडून बघत काय बसलीस?"

दलदलीपलीकडे नदी होती आणि नदीकाठी एक दगडी म्हातारी. तिला शिंपला दिल्याशिवाय ती नदी ओलांडू देत नव्हती. ती दर वेळी एकच वाक्य म्हणायची, "ज्या हाताने स्वतःला वाचवतोस, त्या हाताने दे."

पापा म्हणाले, "सोपं आहे. वाचवतो तो तलवारीचा हात."

आराबाने उजवा खटका दाबला. बहाद्दराने उजव्या हाताने शिंपला पुढे केला. म्हातारीने त्याला उलट्या हाताची अशी एक ठेवून दिली की तो गेला नदीत. चला, पुन्हा दलदल!

त्यांनी काय काय नाही केलं! गुडघे टेकून दिला. तलवार खाली ठेवून दिला. शिंपल्याऐवजी फळ दिलं. जादूगाराला पुढे केलं, तर तो पळालाच. दर वेळी तीच थप्पड आणि तीच नदी. एकदा आराबाने मला गादीवर भिरकावलं.

"आगाऊ थेरडी!"

"आराबा! वडीलधाऱ्या माणसांना असं बोलतात?"

"पापा, ती दगडाची आहे!"

"दगडाची असली तरी म्हातारी आहे."

आता काय बोलायचं यावर! मित्रांनो, मला उत्तर केव्हाच कळलं होतं. ढाल डाव्या हातात असते! वाचवतो तो हात डावा! माझा डावा खटका पापांच्या बोटाखाली होता, एकदा दाबला की काम फत्ते. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती. पण मीही या गावात बरीच वर्षं काढली आहेत. म्हाताऱ्या बाईपुढे डावा हात करायचा हे या दोघांच्या स्वप्नातही येणार नाही, हे मला ठाऊक होतं. नुसतं चरफडायचं माझ्या नशिबी होतं.

पुढे पुढे आराबा खेळताना गप्प राहू लागली. म्हातारीपाशी पोचलं की तिची बोटं जड व्हायची. मग एका दुपारी तिने टीव्ही बंद केला.

"बास झालं, पापा. हा खेळ मी उद्या परत देते. कंट्रोलरसकट. टपरीवाला बदल्यात एखादा रेडिओ देईल."

हे ऐकून मी हादरलो. पुन्हा टपरी! पुन्हा ते बाकावर आपटणं!

पापांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "एक टाका वाकडा गेला तर अख्खा सदरा उसवणारी तू. आणि खेळ अर्धवट सोडतेस?"

"कंटाळा आला."

"खोटं. तुला रस्ता कळलाय."

आराबा गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत राहिली.

"बोल ना!"

"ढाल, पापा," ती हळूच म्हणाली. "आपली ढाल कुठल्या हातात असते?"

पापांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मी त्याच हातात होतो.

"कधी कळलं तुला?"

"झाले बरेच दिवस."

"आणि बोलली नाहीस?"

"कशी बोलू? तुम्ही या हातापायी घराबाहेर पडत नाही. आणि मी तुम्हाला सांगू, हाच हात पुढे करा म्हणून?"

"म्हणजे माझी कीव करत होतीस!" पापा कडाडले. "स्वतःच्या बापाची कीव! दे परत. उद्याच दे!"

त्यांनी मला शिलाईच्या यंत्रावर आदळलं. आराबाने डोळे पुसत माझी तार गुंडाळली आणि मला पिशवीत भरलं. त्या संध्याकाळी दोघं न बोलता जेवली. मला इतकं वाईट वाटलं की टपरीची भीतीसुद्धा मी विसरलो. मी या घरातून गेलो की ही दोघं अशीच बसणार, एक यंत्राशी आणि एक खिडकीशी, हे मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आराबा गणवेश पोचवायला शाळेत गेली. मला ती परत आल्यावर नेणार होती. घरात पापा एकटे होते. बराच वेळ काही झालं नाही. मग पिशवीची चेन उघडली आणि पापांचा डावा हात आत आला. मला त्यांनी मांडीवर ठेवलं, पोटाशी टेकवलं आणि खेळ सुरू केला.

अहो, पण आराबा नाही म्हणजे तलवार नाही! एका हाताने ही दलदल कशी तुडवणार? मी मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं. पापा मेले. पुन्हा निघाले, पुन्हा मेले. "मर मेल्या," असं ते स्वतःलाच म्हणाले आणि पुन्हा निघाले. मग त्यांनी नवीनच रीत काढली. कोणाला मारायचंच नाही. अंगठ्याने दांडी, बोटाने डावा खटका, ढाल पुढे धरायची आणि मार खात खात चालत राहायचं. जादूगार नेहमीप्रमाणे पळाला. पापांनी त्याला अशी शिवी घातली की ती मी इथे सांगत नाही, तुम्ही लहान आहात.

आणि पोचले! दगडी म्हातारीने हात पुढे केला. तेच वाक्य म्हणाली.

पापा थांबले. इतका वेळ थांबले की आता लाईट जाणार म्हणून माझा जीव वरखाली होऊ लागला. दाबा ना, पापा! दाबा! त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मग ते टीव्हीपुढे किंचित वाकले आणि आमच्याकडे माणसं काही वावगं करण्याआधी म्हणतात तसं म्हणाले, "सेबे, आजी. माफ करा. डावा आहे. माझ्याकडे हाच आहे."

आणि त्यांनी खटका दाबला.

बहाद्दराने डाव्या हाताने शिंपला पुढे केला. म्हातारीने तो घेतला आणि म्हणाली, "फार वेळ लावलास. ये." नदीवर एकामागून एक दगड वर आले आणि वाट झाली.

पापा रडले. मोठ्याने, तोंड न झाकता रडले. आराबा दारात कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. तीही रडत होती. मीच तेवढा कोरडा राहायचा, पण मलाही पापांनी घामाने ओलं केलं होतं.

"पापा, आता पलीकडे चला ना!" आराबा त्यांच्याजवळ बसत म्हणाली. "बघू काय आहे ते."

पापांनी मला खिडकीत ठेवलं आणि ते उठले. "माझ्या चपला कुठे आहेत?"

मी खिडकीतच होतो, म्हणून मला सगळं दिसलं. पापा पाय ओढत झाडाखाली गेले. पटाभोवती माणसं बसली होती. आमच्या रीतीप्रमाणे पापांनी उजवीकडून एकेकाशी हात मिळवायला सुरुवात केली. पहिला क्वामेनाच होता. पापांनी डावा हात पुढे केला.

"सेबे. डावा आहे."

क्वामेनाने तो हात दोन्ही हातांनी धरला. मग तो ओरडला, "आधी बस! तुझी जागा राखायला रोज या वेल्डरच्या पोराशी भांडतोय मी. आणि ऐक, डाव्याने हरलास तर सबब सांगायची नाही!"

"हरतोय कोण, गाढवा? मांड सोंगट्या."

मित्रांनो, तेव्हापासून माझ्याकडे कोणी फिरकलेलं नाही. आराबाने मला टपरीवर दिलं नाही, तिचे उपकार आहेत. पण वाट मोकळी झाल्यावर, नेमकं तेव्हाच खेळ सोडायचा? इतके महिने मी त्या दलदलीत झिजलो, आणि नदीपलीकडे काय आहे ते मला अजून माहीत नाही! कधीतरी आराबा मला हातात घेते, खिडकीतून हाक मारते, "पापा, येताय का? आपला माणूस नदीवर ताटकळलाय!"

झाडाखालून उत्तर येतं, "ताटकळू दे! मी जिंकतोय!"

तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला पुसत जा, जेवलेल्या हाताने धरू नका आणि हरलात म्हणून आपटू नका. खेळ सोडायचा झाला तर पापांसारखा, चपला घालून, कोणाला तरी भेटायला जाताना सोडा. तो चरफडेल, आमचा स्वभावच आहे तो. पण त्याला मुकाट्याने खिडकीत ठेवा, म्हणजे तिथून तुम्ही त्याला दिसाल.