खारी शिजवणारी कढई

मी एक जुनी बिडाची कढई आहे. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात, कोळशाच्या खाणीखालच्या एका वस्तीत माझे आयुष्य गेले. मित्रांनो, बीड उशिरा तापते आणि उशिरा निवते. म्हणून माझे बोलणे सपाट वाटले तर वाईट वाटून घेऊ नका.

वाळूच्या साच्यात बिडाचा तापलेला लाल रस ओतला आणि मी झाले. ऑर्लीना नावाच्या मुलीबरोबर, तिच्या लग्नात, मी या घरी आले. तिने मला चरबी चोळून तापवले, पुन्हा चोळले, पुन्हा तापवले. माझे अंग काळेभोर, गुळगुळीत झाले. शेजारीण म्हणे, "ऑर्लीना, ही कढई मला दे आणि माझा नवरा घेऊन जा!"

"नको गं बाई. कढई कामाला तरी येते," ऑर्लीना म्हणे.

थंडीच्या तोंडाशी रानातल्या हिकरीच्या झाडांची अक्रोडासारखी फळे पिकली की ती खाऊन खारी लठ्ठ होत. ऑर्लीनाचा नवरा होबर्ट आणि मुलगा व्हर्लिन पहाटे बंदुका घेऊन रानात जात. खार हातात आली की ऑर्लीना आधी तिचा कान ओढून बघे. सहज फाटला तर खार कोवळी. पुढच्या पायांखालच्या बारीक गाठी ती चाकूच्या टोकाने काढून टाकी, कारण त्या राहिल्या तर मांसाला उग्र वास येतो. मग तुकडे मिठाच्या पाण्यात ठेवायचे, पिठात घोळवायचे आणि माझ्यात डुकराच्या चरबीवर तळायचे. तळाशी राहिलेल्या खरपुडीत पीठ परतून दूध ओतले की दाट रस्सा होई. जून खार मात्र ती आधी मंद आचेवर उकडून घेई. सशाला ती भरपूर कांदा घाली, लावा पक्ष्यांना नुसते लोणी.

मग एका फेब्रुवारीत खाणीचे छत कोसळले. व्हर्लिन आत होता.

शेजारचे लोक जेवण आणून देत होते, तेवढे दिवस मी खिळ्यावर लटकले. नंतरही लटकलेच. ऑर्लीनाने स्वयंपाक सोडला, मग जेवणही सोडल्यासारखे केले. काळी कॉफी आणि मक्याच्या भाकरीचा एखादा तुकडा. डॉक्टर होबर्टला अंगणात नेऊन म्हणाले, "असंच चाललं तर बाई येता हिवाळा काढायची नाही." माझ्या अंगावर गंज आला. मला त्याचे काही वाटले नाही.

व्हर्लिनची बायको ट्रेसी नदीकाठच्या शहरातली. ती माहेरी परत गेली नव्हती. त्या वर्षी शिकारीच्या हंगामात होबर्टने खारी आणल्या, तेव्हा तिनेच मला खिळ्यावरून काढून घासले.

"तुला जमेल का, पोरी?" होबर्टने विचारले.

"तळायचंच तर आहे, बाबा. निदान वासाने तरी आई दोन घास खातील."

तिने कान पाहिले नाहीत. खारी जून होत्या. गाठीही तशाच राहिल्या. स्वयंपाकघरभर उग्र वास सुटला.

होबर्टने पहिला तुकडा बराच वेळ चावला. "माझ्या बुटाचा तळ हरवला होता ना," तो म्हणाला, "तो सापडला."

कुणी हसले नाही. ऑर्लीनाने ताटाला हात लावला नव्हता. मधल्या थाळीत खारींची डोकी होती. ती नेहमी व्हर्लिन घेई. फोडून आतला मगज खाई, तेव्हा ट्रेसी तोंड फिरवी. आता सगळ्यांनीच तोंड फिरवले होते.

ट्रेसीने एक डोके उचलले आणि चमचा हाणला. फुटले नाही. पुन्हा हाणला.

"अगं, हे काय करतेस?" होबर्ट म्हणाला.

"कुणीतरी खायला हवं ना!"

ती हाणत राहिली. चमचा घसरून टेबलावर आपटला.

"तिथे नाही," ऑर्लीना म्हणाली. "कपाळावर मारतात. चमचा उलटा धरून. आण इकडे."

तिने एका टोल्यात डोके फोडले आणि अर्धे ट्रेसीपुढे केले. ट्रेसीने डोळे मिटून गिळले.

"कसं लागलं?"

"घाण."

"मलाही कधी आवडलं नाही," ऑर्लीना म्हणाली आणि उरलेला अर्धा भाग तिने खाल्ला. मग ताटातल्या मांसाचा एक घास. मग आणखी एक. "गाठी नाही काढल्यास. वेंधळी कुठली!"

"शिकवलं कुठे तुम्ही, आई?"

ऑर्लीना उठली. थाळीतले तुकडे तिने माझ्यात ओतले, पाणी घातले, झाकण ठेवले. "आता शिजू दे निवांत," म्हणाली आणि चुलीजवळ बसली. होबर्ट उठून बाहेर गेला. बराच वेळ आत आला नाही.

ऑर्लीनाने तो हिवाळा काढला, पुढचेही बरेच काढले. आता तिघेही नाहीत. घरात विजेची शेगडी आहे. मी अंगणातल्या गळक्या छपराखाली, रंगाच्या रिकाम्या डब्यांजवळ पडून आहे. पावसाचे पाणी माझ्यात साचते आणि आपोआप आटते.

मित्रांनो, बिडाचे भांडे धुतलेत तर पुसून तेलाचा हात फिरवत जा. आणि घरात कुणी जेवायचे थांबले असेल, तर त्याला समजावत बसू नका. त्याच्या शेजारी बसा आणि जे शिजले असेल ते, कसेही झाले असले तरी, आधी तुम्ही खा.