विसाव्या दिवसाचं अंडं

"आई, नाक दाबून उभी राहू नकोस, टॉर्च धर," उयेन म्हणाली आणि तिनं नागाच्या अंड्याला कात्री लावली.

टर्रकन कवच फाटलं. आतून काळपट पाणी आलं, आणि तो वास! मुरवलेल्या मासळीचं पाणी आमच्या जेवणात रोज असतं, त्याचं मला काही वाटत नाही. पण हा वास थेट पोटात शिरला. शी!

"हेही मेलंय," ती म्हणाली. "सातवं. आता एकच उरलं."

नाग पाळणाऱ्या या गावात लग्न होऊन आले, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. पिंजरे धुतले, बेडूक चिरून घातले, केसांत अडकलेले कातीचे तुकडे काढले. एक दिवसही किळस गेली नाही. नवरा गेला तो सापानं नव्हे, साप मुरवलेल्या दारूनं. मुलगी तरी या घाणीतून सुटावी म्हणून तिला हनोईला शिकायला पाठवली, तर बाईसाहेब काय शिकतात? सापाचा गळा! अंड्यातल्या पिल्लाचा गळा कसा घडतो, गळ्यातल्या ग्रंथी कुठून सरकत खाली येतात, फुफ्फुसाचे दोन कोंब फुटूनही डावा मध्येच का थांबतो. ऐकून मी कपाळावर हात मारला होता.

डावं फुफ्फुस विसाव्या दिवसाच्या आसपास मागं पडतं, असा तिचा अंदाज. त्या दिवसाचं एक तरी जिवंत पिल्लू बघायला मिळालं नाही, तर प्रबंध अडणार. आज विसावा दिवस होता, आणि मोसमातली ही शेवटची अंडी.

उयेन मटकन खाली बसली. "चूक माझीच. उबेची पेटी मीच बनवली, जास्त तापली असणार. मला नाही जमत हे, आई. मामा म्हणतो ती बँकेतली नोकरी घेते."

हेच ऐकायला मी तीन वर्षं टपले होते. स्वच्छ टेबल, इस्त्रीचे कपडे. नुसती गप्प बसले असते तरी काम झालं असतं.

पण पेटी बिचारी ठीक होती. नागाच्या अंड्याची वरची बाजू वरच राहायला हवी, म्हणून आमच्याकडे तिच्यावर पेन्सिलीची रेघ ओढतात. अंडं उलटलं तर आतला जीव गुदमरतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मागच्या आठवड्यात उयेन हनोईला गेली होती. अंड्यांवर चढलेली हिरवी बुरशी मला बघवेना. भाताच्या दारूत फडकं बुडवून मी एकेक अंडं उचलून चोळलं. बुरशी गेली, रेघाही गेल्या. मग अंदाजानं नव्या ओढल्या आणि तोंड मिटून बसले.

"पेटीला काही झालेलं नाही," मी म्हणाले. "अंडी मी पुसली. रेघा माझ्या आहेत."

तिनं मान वर केली. "मुद्दाम?"

"नाही गं. घाण वाटली म्हणून."

"तुला सगळ्याचीच घाण वाटते! बाबांची वाटायची. माझ्या हातांची वाटते. परवा मी वाढलेला भात तू हळूच बाजूला सारलास. मला दिसलं नाही वाटतं?"

खरंच होतं ते.

"शेवटच्या अंड्याला मी हात लावलेला नाही," एवढंच म्हणाले. "तोवर मला उलटी झाली होती."

उयेननं डोळे पुसले आणि आठवं अंडं कापलं. आत बोटाएवढी लालसर गुंडाळी होती, आणि तिच्यात एक टिंब धडधडत होतं.

"जिवंत आहे! आई, बशी आणायला वेळ नाही. हात कर पुढे!"

कोमट, बुळबुळीत गोळा माझ्या तळहातावर आला. तिनं सुईनं त्याची छाती उघडली. घशाशी आंबट आलं, ते मी गिळलं.

"हलू नकोस," भिंगाला डोळा लावून ती पुटपुटली. "उजवं लांब गेलंय... आणि डावं... आहे गं, आई, इवलंसं आहे!"

मी तोंड भिंतीकडे फिरवलं. हात मात्र हलू दिला नाही.