कराराने दिलेली काळजी

माघातल्या पहाटे आमच्या अंगणात पहिला आवाज व्हायचा तो बाबांच्या चपलांखाली चुरगळणाऱ्या पाचोळ्याचा. तो कलमांपर्यंत जायचा आणि थांबायचा. हवेत मोहोराचा गोड-तुरट दरवळ, आणि त्यात निश्चल उभे बाबा. मान वर, नजर आभाळाच्या कडेला, आणि दोन बोटांत मोहोराचा एक तुरा, तापाने फणफणलेल्या लेकराचा हात धरावा तसा अलगद धरलेला. धामापूरच्या वरच्या अंगाला, कातळावर आमची हापूसची कलमं. त्यांची फांदी न् फांदी बाबांना पाठ होती. माझा वाढदिवस मात्र आईला विचारावा लागे.

"गो, मळभ आसा. मोहोर काळो पडतलो," असं पुटपुटत ते आत येत आणि समोरचा चहा निवून जाई. मळभ नसलं तर धुकं, धुकं नसलं तर तुडतुड्यांची कीड; त्यांच्या काळजीला सुट्टी म्हणून नव्हती. वैशाखात फळ उतरलं की मोकळे होतील म्हणावं, तर पुढच्या मोहोराची चिंता सुरू. आई गेली तेव्हाही बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ते कलमांतच सापडले. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

पुढे त्यांचा रक्तदाब वाढला, झोप उडाली. मनाला विसावा द्या, असं डॉक्टरांनी बजावलं आणि मी कंबरच कसली. कसालहून नोकरी आटोपून घरी आले की माझं रोज एकच पालुपद, कलमं कराराने देऊन टाका. आमच्याकडे बरेच जण देतात. फवारणीपासून राखणीपर्यंत सगळं करार घेणारा बघतो, मालकाने स्वस्थ बसायचं. पावसाळाभर बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करून कलमांत निघून जात. आश्विनात, भातकापणी उरकल्यावर, त्यांनी एकदाची सही केली आणि माझ्याकडे न बघता पेन परत दिलं. मी आपली जिंकल्याच्या आनंदात होते.

काळजी खरोखरच गेली. थंडी वाढत गेली तशी त्यांची एकेक सवय सुटत गेली. आधी पहाटेचं उठणं, मग रेडिओवरचं हवामान, मग खिडकीशी बसणंही. गोळ्या कमी झाल्या. लेकीने बापाला सुखात ठेवलं, असं शेजारीपाजारी म्हणू लागले. यंदाच्या माघापर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

परवा पहाटे मला जाग आली. आभाळ पार खाली उतरलं होतं, कलमं अर्धीमुर्धी दिसत होती. मी तशीच त्यांच्या खोलीत गेले.

"बाबानू, मळभ इला."

त्यांनी धडपडत उठावं, माझ्यावर डाफरावं, चपला शोधाव्यात, एवढ्याचसाठी मी ते सांगत होते.

"आसू दे गो," डोळे न उघडताच ते म्हणाले. "बघणारे आसत आता."

त्यांनी भिंतीकडे कूस वळवली आणि त्यांचा श्वास संथ झाला. अशी गाढ झोप त्यांना लाभावी म्हणून मी भगवतीला साकडं घातलं होतं. दाराच्या चौकटीला टेकून मी रडले, आवाज न करता, त्यांची झोप मोडू नये म्हणून.

ऋतू नेमाने येतील, मोहोर धरेल आणि गळेल. पण त्या मोहोरासाठी तळमळणारा माणूस मी माझ्याच हाताने कराराने देऊन टाकला, आणि आता तो फक्त माझ्या आठवणीत पहाटे उठतो.