हिरवा दिवा

ट्रायल घेतल्याशिवाय चारुदत्त आगाशे यांनी जन्मात काही चालवलं नव्हतं. उभं आयुष्य रेल्वेच्या कारखान्यात डबे दुरुस्त करण्यात गेलेलं. घरात नवा मिक्सर आला तेव्हा तो आधी रिकामा फिरला, मग पाण्यावर फिरला, आणि तिसऱ्या दिवशी त्याला चटणीची परवानगी मिळाली. पद्मा यावर पोट धरधरून हसायची. आता तिला हसताना दुखायचं, आणि या खेपेची ट्रायल तिचीच होती.

लखनौच्या आलमबागेतल्या घरामागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली, गाडी उभी होती. मूळची ती कुणा संस्थेचा फिरता दवाखाना. लिलावात निघाली आणि चारुदत्तरावांनी ती सगळ्यांचा विरोध पत्करून उचलली. इश्तियाक मिस्त्रीला हाताशी धरून त्यांनी आत बाक ठोकले, पंखा बसवला, पद्माच्या बाकाला लागूनच हात धुवायचं भांडं बसवलं, म्हणजे तिला उठायला नको. मागच्या कोपऱ्यात संडास. गाडीच्या पोटाला दोन टाक्या: एक संडासाची, एक त्या भांड्यातून जाणाऱ्या सांडपाण्याची. आणि प्रत्येक टाकीसाठी आत भिंतीवर तीन तीन दिवे, हिरवा, पिवळा, लाल. टाकी भरत जाईल तसे ते बदलायचे.

"हुज़ूर, ये तो चलता-फिरता बंगला हो गया," इश्तियाक म्हणाला. चारुदत्तरावांची छाती फुगली.

हा सगळा खटाटोप हरिपूरसाठी होता. सांगलीजवळचं हरिपूर हे पद्माचं माहेर. तिचा भाऊ चंद्रहास अजून तिथेच राहायचा. गर्भाशयाच्या कॅन्सरला किरणांचे शेक देऊन झाले, आणि त्या शेकांनी तिची आतडी पार भाजून काढली. दिवसातून किती वेळा जावं लागेल याला धरबंध राहिला नाही. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. आजार मागे हटणार नाही, म्हणाले, पण चार-सहा महिने अशाच तब्येतीत निघतील, कुठे न्यायचं असेल तर आत्ताच न्या. एक मूत्रपिंड आधीच गेल्यात जमा होतं, तेव्हा पाणी मात्र भरपूर पाजा, हे त्यांनी दोनदा बजावलं.

पद्मानं एवढंच मागितलं होतं. "संगमावरच्या पायरीवर एकदा पाय सोडून बसायचंय हो. मग काय व्हायचं ते होऊ दे."

आगगाडीनं नेणं शक्यच नव्हतं. डब्यातल्या संडासापुढची रांग, धक्के, आणि वेळ निभावली नाही तर होणारी शोभा. रेल्वेतल्या माणसाला ते सांगायला नको. म्हणून ही गाडी, आणि म्हणून ट्रायल. चार दिवस अंगणातच, पण गाडीच्या आत राहायचं, घरात पाऊल टाकायचं नाही. लखनौ ते सांगली जेवढे दिवस लागतील तेवढे दिवस टाकी पुरते का, ते पाहायचं.

पहिली ट्रायल साफ फसली. संध्याकाळपर्यंत संडासाच्या टाकीचा पिवळा दिवा लागला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लाल.

टाकी रिकामी करायचं काम चारुदत्तरावांनी कागदावर फार सोपं मांडलं होतं. अंगणाच्या टोकाला खड्डा खणलेला होता. टाकीच्या तोंडाला जाड रबरी नळी लावायची, तिचं दुसरं टोक खड्ड्यात सोडायचं, झडपेची दांडी ओढायची. मग वरून बादल्या ओतून टाकी खळखळून धुवायची. प्रत्यक्षात दांडी अडकली. त्यांनी दोन्ही हातांनी हिसडा दिला तशी झडप उघडली आणि नळी निसटली. कोपरापर्यंत हात, शर्टाची छाती, चष्म्याची एक काच, सगळं भरलं. ते तसेच पेरूपर्यंत गेले आणि खोडाला धरून भडाभडा ओकले.

शेजारच्या गच्चीवरून मिश्राबाईंनी हे पाहिलं. "अरे भाईसाहब, सफ़ाई के लिए जमादार को बुला लेते!"

"अपना काम आप करना चाहिए, भाभीजी!" चारुदत्तराव तशाही अवस्थेत ओरडून म्हणाले. तत्त्वाचा माणूस. तत्त्व अंगावरून निथळत होतं तरी आवाज खणखणीत.

गाडीच्या खिडकीच्या जाळीमागे पद्मा बसलेली होती. लग्न झाल्यापासून या माणसानं स्वतःचं जेवलेलं ताट उचलून मोरीत ठेवलं नव्हतं. ती ते उचलत आली होती आणि त्यात तिला कधी काही वावगंही वाटलं नव्हतं. आज तो माणूस तिची घाण अंगावर घेऊन झाडाखाली ओकत होता. तिनं पदर तोंडावर धरला आणि खिडकीपासून दूर सरकली.

अंघोळ करून ते आत आले तेव्हा ती म्हणाली, "अहो, वाटेत कुणाला तरी बोलावू. तुम्ही नका करू हे."

"वाटेत कोण भेटणार? झाशीच्या पुढे रानात जमादार शोधत फिरू? आणि तुझं ते माझं. त्यात काय मोठं?"

"तुम्ही ओकत होतात."

"पहिल्यांदा होतंच तसं. सवय होईल."

"मला नाही होणार सवय," ती हळूच म्हणाली. "देवापुढे कुठल्या तोंडानं हात जोडू मी?"

त्यांनी ते हसण्यावारी नेलं. झडपेला ग्रीस कमी पडलं हाच विचार त्यांच्या डोक्यात घोळत होता.

रविवारी श्रीपाद खेर आणि चित्रा तब्येतीची चौकशी करायला आले. श्रीपाद बँकेतला; लखनौतली मराठी माणसं अशी रविवारी एकमेकांकडे जाऊन मराठी बोलून घेत. चारुदत्तरावांनी चहा होण्याआधीच पाहुण्यांना गाडी दाखवायला नेलं. पद्मा बाकावर पडून होती. तिच्या डोक्यावरचे दिवे त्यांनी समजावून सांगितले, आणि मग त्यांना राहवलं नाही.

"आमच्या हिनं एका दिवसात पिवळा पेटवला! दुसऱ्या दिवशी लाल! मी म्हटलं, बाई, तू काय गाडी चालू देतेस का नाही?" आणि पुढे झडप, नळी, चष्म्याची काच, मिश्राबाई, सगळं साभिनय. श्रीपाद खो खो हसला. "आगाशेसाहेब, मानलं तुम्हाला. बायकोसाठी एवढं कोण करतो?"

चारुदत्तरावांना नेमकं हेच ऐकायचं होतं. वाईट हेतू नव्हता त्यांचा. पण आपण केलेल्या चांगल्या कामाची हवा डोक्यात गेली की माणसाला समोरचं दिसत नाही, आणि इथे तर समोर बायको होती. चित्रा हसता हसता थांबली. पद्मानं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं आणि कानाच्या पाळीपर्यंत ती लाल झाली होती.

पाहुणे गेल्यावर पद्मानं विचारलं, "पुन्हा ट्रायल घेणार ना?"

"घ्यायलाच हवी."

"दिवा हिरवा राहिला तर निघायचं?"

"चार दिवस हिरवा राहू दे, पाचव्या दिवशी सकाळी गाडी फाटकाबाहेर. चंद्रहासला तार करून टाकतो."

"नक्की?"

"अगं, नक्की म्हणजे काय!"

त्यावर ती खूप दिवसांनी मनापासून हसली. चारुदत्तरावांना ते हसू गाडीचं कौतुक वाटलं.

दुसरी ट्रायल ऐन मे महिन्यात सुरू झाली. बाहेर लू असली भाजत होती की पेरूची पानं करपून गोळा झाली. गाडीत पंखा गरम हवा फिरवायचा. चारुदत्तरावांनी मोठा माठ आत आणून ठेवला, त्यात अमीनाबादेतून आणलेली वाळ्याची जुडी सोडली. डॉक्टरांचं बजावणं ते विसरले नव्हते. दर थोड्या वेळानं तांब्या भरून पद्माच्या उशाशी ठेवायचे आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे, कारण बायको संडासाला जाणार तर नवऱ्यानं तिथं बसू नये, एवढी रीत त्यांना कळत होती. परत आत येईपर्यंत तांब्या रिकामा झालेला असायचा.

"प्यायलीस?"

"हो. छान गार आहे. वाळ्याचा वास फार आवडतो मला."

जेवण ती चिमणीएवढं घ्यायची. भूकच नाही म्हणायची. आणि दिवा हिरवा राहिला. पहिला दिवस हिरवा. दुसरा दिवस हिरवा. चारुदत्तरावांचा आनंद गगनात मावेना. एका वैद्यानं बेलाचा मुरंबा दिला होता, त्याचाच हा गुण, असं त्यांनी ठरवून टाकलं. इश्तियाकला मुद्दाम बोलावून दिवा दाखवला.

मुलगी अमृता संध्याकाळी ऑफिसातून आली की आईजवळ बसायची. मराठी सगळं समजायचं तिला, पण तोंडात हिंदीच यायची. दुसऱ्या दिवशी ती खाली उतरून वडिलांजवळ आली. "बाबा, आई के होंठ देखे आपने? एकदम सूख गए हैं. वो पानी पी रही है ना?"

"सकाळपासून तांब्यावर तांबे रिते होताहेत. मी स्वतः भरतोय."

"फिर भी. आप एक बार डॉक्टर को—"

"अगं, लू आहे, तुझे माझेही ओठ फुटलेत. दिवा बघ. आतडी सुधारताहेत तिची."

तिसऱ्या दिवशी एक गोष्ट मात्र त्यांच्या नजरेला आली. सांडपाण्याच्या टाकीचा दिवा लाल झाला होता. एवढी ती टाकी भरायचं काही कारण नव्हतं.

"हात किती धुतेस गं, पद्मा!"

"सवय आहे हो," ती डोळे मिटूनच म्हणाली. आवाज खोल गेला होता.

त्यावर चारुदत्तरावांनी विचार केला. केला नाही असं नाही. विचार करून त्यांनी असं ठरवलं की सांडपाण्याची टाकी लहान झाली, इश्तियाककडून मोठी करून घ्यावी. तोवर मोरीचंच तर पाणी, थोडं सांडलं तर सांडलं. चंद्रहासला तार त्यांनी त्याच दुपारी केली.

चौथ्या दिवशी सकाळी ते चहा घेऊन आत गेले तेव्हा पद्मा डोळे उघडे ठेवून पडली होती आणि त्यांना ओळखत नव्हती. "चिंचेखाली चप्पल राहिली," असं काहीतरी पुटपुटत होती. हरिपूरच्या रस्त्यावर चिंचांची झाडं होती. दिवा हिरवाच होता.

तिला उचलून दुसऱ्या वाहनात घालायला वेळ नव्हता. चारुदत्तरावांनी तीच गाडी सुरू केली. ती गाडी फाटकाबाहेर पडली ती अशी, आणि गेली हॉस्पिटलपर्यंतच.

सलाइन लागलं, दुपारी पद्मा थोडी शुद्धीवर आली. तरुण डॉक्टर तिचा हात चिमटीत धरून कातडी पाहत होता. "माताजी, पानी कितना पी रही थीं? पेशाब आख़िरी बार कब हुआ?"

"पानी तो ख़ूब पी रही थीं," चारुदत्तराव पुढे होऊन म्हणाले. "मैं ख़ुद दे रहा था. मटके का. वाळा—ख़स डालकर."

डॉक्टरनं पद्माकडे पाहिलं. पद्मानं चारुदत्तरावांकडे पाहिलं, आणि मान हलवली. हो, खूप.

"ऐसा हो नहीं सकता," डॉक्टर स्वतःशीच बोलला आणि कागदावर काहीतरी लिहू लागला.

उरलेलं मूत्रपिंड पुन्हा सुरू झालं नाही. रविवार उजाडायच्या आत पद्मा गेली. शेवटचं बोलली ते अमृताशी: बाबांना जेवायला वाढ, ताट त्यांच्यापुढेच राहतं.

भैंसाकुंडाच्या स्मशानात सगळं आटोपलं. चंद्रहासची तार आली होती, वाट पाहतो म्हणून; ती तार तिथून निघाली तेव्हा पद्मा गेल्याची इथली दुसरी तार त्याला पोचली नव्हती. आता अस्थी तरी हरिपूरच्या संगमावर न्यायच्या होत्या, आणि चारुदत्तरावांनी हट्ट धरला की याच गाडीनं न्यायच्या. त्यासाठी टाक्या धुवायला हव्या होत्या.

सकाळचीच वेळ होती. त्यांनी नाकाला फडकं बांधलं, नळी खड्ड्यात सोडली, झडपेला या वेळी भरपूर ग्रीस चोपडलेलं होतं. संडासाच्या टाकीची दांडी ओढली. काही आलंच नाही. त्यांनी हातानं नळी उचलून झटकली. मग थोडासा काळा, दाट रगडा खड्ड्यात पडला, वाटीभर असेल नसेल. तीन दिवसांचा. चारुदत्तराव त्याच्याकडे पाहत राहिले. बेलाच्या मुरंब्याचा गुण एवढा असत नाही, हे त्यांना आता कळत होतं, पण मन अजून पुढे जायला तयार नव्हतं.

नळी काढून त्यांनी ती दुसऱ्या टाकीला लावली. दांडी ओढली.

पाणी धो धो आलं. साबणाचा फेस नव्हता, मळ नव्हता, अन्नाचं शीत नव्हतं. स्वच्छ, नितळ पाणी नळीतून खड्ड्यात पडत होतं आणि अंगणभर वाळ्याचा वास पसरत होता. त्यांनी भरलेला एकेक तांब्या त्यात होता. तिच्या हाताला सहज लागावं म्हणून त्यांनीच बाकाजवळ बसवलेल्या भांड्यात ती तो ओतत होती. हिरव्या दिव्याकडे पाहत, हरिपूरला निघायचं म्हणून, आणि नवऱ्यानं पुन्हा पेरूखाली ओकू नये म्हणून.

त्यांनी फडकं तोंडावरून खाली ओढलं आणि दोन्ही हात त्या धारेखाली धरले. हात भरून वाहू लागले.

वासानं अमृता घरातून बाहेर आली. तिनं खड्डा पाहिला, पाणी पाहिलं, वडिलांचे हात पाहिले. तिला समजवावं लागलं नाही. "बाबा, बंद कीजिए," ती म्हणाली. "बंद कीजिए ना."

चारुदत्तरावांना झडपेची दांडी दिसत होती, पण तिला हात लावणं त्यांच्यानं होईना. टाकी मोठी नव्हती, त्यांच्या मते तर लहानच होती; तरी पाणी कितीतरी वेळ येत राहिलं.