कोरडा पडदा

“नागनाथ, दिवा विझला तरी पंखा बंद करायचा न्हाई. मशीन गार होऊ दे, मगच हात लाव. नेम म्हंजी नेम.”

मित्रांनो, तात्यारावांचा तो आवाज अजून माझ्या पत्र्यात घुमतो. मी झरी गावातला एक जुना सिनेमाचा प्रोजेक्टर आहे. माझ्या आजोबांच्या पोटात तेलाचा दिवा असे. ते काचेवरची स्थिर चित्रं दाखवत. वडिलांच्या पोटात कोळशाच्या दोन कांड्या जळत, आणि चित्रं चालू लागली. माझ्या पोटात काचेचा दिवा आला. म्हणून मी पेटीत मावलो, आणि तात्यारावांच्या बैलगाडीतून गावोगाव हिंडलो. नागनाथ मला चालवी. लोक पडद्याला टाळ्या वाजवत आणि माझ्याकडे पाठ करून बसत. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात देवगाव फाट्याजवळच्या एका गावी दत्तराव पाटलांच्या अंगणात खेळ होता. गाव पडद्यापुढे बसलं. बौद्ध वस्तीतल्या माणसांना पडद्यामागे बसवलं. मागूनही दिसावं म्हणून पडदा भिजवायची रीत होती. त्यासाठी गाडीत एक घागर कायमची असे.

खेळ संपला तशी वस्तीतली सरजाबाई हसत आली. “नागनाथभाऊ, आमच्याकडून समदे डावखुरेच दिसतेत की! पाट्यांची अक्षरं बी उलटी. माझी लेक साळंत जायलीय, तिला वाटलं आपण वाचायचंच इसरलो.”

नागनाथ हसला नाही. “उद्या तुमच्या वस्तीत पडदा लावतो, अक्का. समोर बसून बघा. शब्द हाय माझा.”

दत्तरावांनी ते ऐकलं. “उचला रे मशीन! माझ्या ओसरीवर ठिवा. उद्याचा खेळ बी हितंच व्हईल.”

“मालक, थांबा! लय तापलीय, पंखा चालू हाय अजून.”

“का? मशीनला बी हिवताप आलाय काय?”

सगळे हसले. गड्यांनी मला हिसडा देऊन उचललं आणि दिव्यातली तापलेली तार तुटली.

दुसऱ्या दिवशी कुठेच खेळ झाला नाही. “मशीनच भंगार,” दत्तराव म्हणाले, आणि गावाने मान डोलावली. तसला दिवा परभणीत मिळेना. तात्याराव वारले. मी त्यांच्या घरामागच्या कडब्याच्या खोपीत पडलो. उंदरांनी माझे पट्टे खाल्ले. आता म्हणे फितीशिवाय टीव्हीचं चित्र पडद्यावर फेकणारी यंत्रं निघाली आहेत. निघू द्यात. त्यांनाही ताप चढेल, आणि हसणारे हेच असतील.

मित्रांनो, यंत्राला गार होऊ द्या, एवढंच मागणं. पडद्यामागे कुणाला बसवू नका, हे सांगणारा मी कोण?

आज सकाळी खोपीचं दार उघडलं. नागनाथच होता, कानशिलांवरचे केस पिकलेले. हैदराबादेहून आणलेला दिवा आणि नवे पट्टे त्याने बसवले, भिंग धोतराच्या सोग्याने पुसलं.

“इतक्या वर्सांनी?” तात्यारावांच्या पत्नी कस्तुराबाई म्हणाल्या. “सरजाबाईची लेक सासरी बी गेली असंल.”

“सरजाबाई हाय ना, काकू.”

त्याने मला आणि जनरेटरला गाडीत ठेवलं. शेजारी घडी घातलेला पडदा. कस्तुराबाईंनी घागर पुढे केली. त्याने ती परत दारात ठेवली आणि देवगाव फाट्याकडे बैल हाकले.