आठव्या डोंगरावरचा कुली

मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. किती जुना म्हणाल, तर माझ्यासोबत आलेल्या दोन रिमोटपैकी एकाला आता वायरच उरलेली नाही आणि माझी पांढरी पाठ चहात बुडवून काढल्यासारखी झाली आहे. मित्रांनो, तुमच्या मोबाइलमधले खेळ तुम्ही कुठे थांबलात ते लक्षात ठेवतात. मला तेवढी अक्कल नाही. माझा लाल दिवा विझला की खेळ पुसला जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. माणसं मात्र माझ्यातून पुसली जात नाहीत, आणि माझी खरी अडचण तीच आहे.

कुठल्याशा दूरच्या कारखान्यात मी तयार झालो. ते दिवस मला फारसे आठवत नाहीत. माझ्या खोक्यावर ‘९९९ खेळ’ असं छापलं होतं आणि ते साफ खोटं होतं. खेळ होते चार, त्यातले तीन कोणी दुसऱ्यांदा लावले नाहीत. चौथा मात्र सगळ्यांना आवडायचा. डोक्यावर गाठोडं घेतलेला एक ठेंगणा माणूस आठ डोंगर चढतो, एवढाच तो खेळ. वरून दगड येतात, पूल तुटतात, वाटेत साप निघतात. गोंदियाजवळच्या फुलचूरमध्ये कैलाश नावाच्या मुलाच्या घरी मी पहिल्यांदा लागलो, त्याने या माणसाचं नाव कुली ठेवलं. आठव्या डोंगराच्या माथ्यावर एक झोपडी होती आणि तिच्या खिडकीत दिवा होता. हे चित्र कॅसेटवरच छापलेलं होतं, त्यामुळे सगळ्यांनाच त्या झोपडीची ओढ लागायची.

पण तिथवर कोणी गेलंच नाही. हरला म्हणून मला कोणी सोडलं असेल असं तुम्हाला वाटेल, पण तसं नाही. हरलेला माणूस दातओठ खात परत येतो. सोडून जातात ते भलत्याच कारणांनी. कैलाश पाचव्या डोंगरावर पोचला आणि त्याच आठवड्यात त्याला मोबाइल मिळाला. त्याने रिमोट खाली ठेवला तो ठेवलाच. त्याची बहीण दुर्गेश्वरी दहावीला गेली म्हणून आईने मला कपाटावर टाकलं, आणि निकाल लागेपर्यंत तिची गोडी उडाली होती. शेजारचा शालीकराम तिसऱ्या डोंगराच्या पुलावरून इतक्यांदा पडला की त्याने रिमोट भिंतीवर आपटला आणि मग लाजेने आमच्या घरी यायचाच थांबला. सुटीत एक मामेभाऊ यायचा. त्याला दुसऱ्या डोंगरावरची धून आवडायची, म्हणून तो पुढे जायचाच नाही, तिथेच घुटमळायचा. शिवाय लाइन जायची ती वेगळीच. असे कितीतरी कुली वाटेत उभे राहिले. सगळं पुसलं जातं हे मला कळतं, तरी कधी कधी ते सगळे माझ्या पोटात अजून गाठोडी घेऊन उभे आहेत असं वाटतं.

झोपडीत काय आहे ते मला पहिल्यापासून माहीत होतं. पण मला बोलता कुठे येतं?

कपाटावर धूळ खात वर्षं गेली, मग मी भंगारात गेलो. तिथून मला जागेश्वरने उचललं. हा गोंदियाकडच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात पाल टाकून रेडिओ, चार्जर असलं दुरुस्त केलेलं सामान विकायचा. त्याच्या पालावरून मला दुर्पताने नेलं. ती भावाकडे आली होती. तिचं गाव सालेकशाच्या जंगलाला लागून होतं. घरात नवरा केवलराम आणि मुलगी खुशबू, एवढीच माणसं. खुशबू आयटीआयला वायरमनचं काम शिकत होती, तिला जोडाजोडी करायला काहीतरी हवं म्हणून मला नेलं. खुशबूने मला तासाभरात सुरू केलं, दोन दिवस खेळली आणि कंटाळली. खेळायला लागली ती दुर्पता.

माझ्यावर असा अंगठा पूर्वी कधी चालला नव्हता. सारा उन्हाळा तेंदूपत्त्याचे पुडे बांधणारा तो अंगठा, त्याला वाया जाणारी हालचाल माहीतच नव्हती. संध्याकाळी चूल आटोपली की ती पाय पसरून टीव्हीसमोर बसायची. केवलराम दारातून हसायचा, पण बघायचा. कुलीवर तिचा फार जीव जडला. ती म्हणायची, “हा माह्यासारखाच हाये. याचं डोस्कं कधी रिकामं रायतच नाही.”

हे खरंच होतं. दुर्पता रानातून यायची ती डोक्यावर काहीतरी घेऊनच. कधी सरपण, कधी पानांचे भारे, चैत्रात मोहफुलांचं टोपलं. मित्रांनो, डोक्यावरचं जड ओझं एकट्याने खाली ठेवता येत नाही. दुसऱ्या कोणाला तरी हात लावावा लागतो. ती अंगणात येऊन थांबायची, “हात लाव वं” अशी हाक द्यायची आणि खुशबू असेल तिथून धावत जायची. झोपडीबद्दल मुलांच्या काय काय कल्पना होत्या, कोणी खजिना म्हणायचं, कोणी राक्षस. दुर्पताचं म्हणणं साधं होतं. “तिथं कोनी तरी असंन. त्याच्या वझ्याले हात लावाले.”

मोहफुलांच्या दिवसांत एका संध्याकाळी ती आठव्या डोंगरावर पोचली. एकच लाइफ उरली होती. डोळे चुरचुरायला लागले तेव्हा तिने थांबवायचं बटण दाबलं, टीव्ही बंद केला आणि मला तसंच चालू ठेवलं. पहाटे टोपलं घेऊन निघताना तिने माझ्या लाल दिव्याकडे पाहिलं आणि अंथरुणातल्या खुशबूला म्हणाली, “बंद नोको करजो वं. मोह वेचून आत्ता येतो, मंग सरवतो.”

“नाई करत, माय,” खुशबू म्हणाली.

त्या पहाटे अस्वल तिच्याआधी झाडाखाली आलं होतं. दुपारी लोकांनी तिला घरी आणलं. टोपलं मागाहून कोणीतरी रिकामंच आणून अंगणात ठेवलं.

खुशबूने मला बंद केलं नाही. तिने शब्द दिला होता. चैत्रात आमच्याकडे लाइन रोज जाते, म्हणून तिने शेतातल्या झटका मशीनची बॅटरी घरी आणली. रानडुकरं उन्हाळी धानात शिरू नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत झटका सोडतात, त्या मशीनची ही बॅटरी. तिच्या आयटीआयच्या हातांनी अशी जोडणी केली की लाइन गेली तरी माझा दिवा लुकलुकसुद्धा करू नये. रोज संध्याकाळी ती टीव्ही लावायची. पडद्यावर कुली एक पाय उचलून उभा असायचा, डोक्यावर गाठोडं, वर झोपडीचा दिवा. ती बघत बसायची, रिमोटला मात्र हात लावायची नाही. चुकून पाय घसरला तर आईची शेवटची लाइफ तिच्या हातून जाणार होती.

आता जे सांगतो ते खरं मानायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या थांबवायच्या रबरी बटणावर दुर्पताचा अंगठा तसाच होता. म्हणजे बटण वर आलंच नाही. त्यावर कोणी टेकून बसावं तसा भार मला दिवसभर जाणवायचा. मोह घरात उरला नव्हता तरी खोलीत त्याचा गोड वास यायचा. आणि दिवस उजाडता उजाडता अंगणात पावलं येऊन थांबायची. पुढे यायची नाहीत, मागे जायची नाहीत. ओझं घेतलेलं माणूस उभं राहतं तशी. मला वाटायचं हे मला एकट्यालाच ऐकू येतं. पण एकदा केवलराम ताडकन उठला, दोन्ही हात पुढे करून अंगणात गेला आणि तसाच रिकाम्या हातांनी परत आला. मला त्या बापलेकीची भीती वाटू लागली होती आणि दयाही येत होती.

मग भाऊबंद जमले. गेलेल्याचा जीव बाहेर भटकत राहू नये म्हणून त्याला घरात आणायचा विधी असतो. केवलरामचे चुलतभाऊ भोजराज, खुशबूचे मोठेबाबा, यांनी तो केला. नाल्यावर जाऊन दुर्पताला नावाने हाका मारल्या, तिथलं पाणी मडक्यात आणलं, देवाच्या कोपऱ्यात चाळलेली राख पसरली आणि वर टोपलं पालथं घातलं. जीव घरात आला की राखेत खूण उमटते. सकाळी टोपलं उचललं तेव्हा राख जशीच्या तशी होती. भोजराज राखेकडे पाहत म्हणाले, दुर्पता कुठे तरी अडकून राहिली आहे.

खुशबूचे डोळे माझ्याकडे वळले. मी तर दिव्यासकट तिथेच बसलेला.

भोजराजांनी तिची नजर ओळखली. त्या दिवसांत केवलराम कोणाला न सांगता रोज रात्री धानाच्या बांधावर जाऊन डबा वाजवत बसायचा, कारण कुंपणात झटका नव्हता आणि डुकरांनी एक तुकडा लोळवला होता. मुलीकडे बॅटरी मागायचं त्याच्या जिवावर आलं होतं. भोजराज आडपडदा ठेवणारे नव्हते. “तुही माय बाहेर उभी रायली, तुहा बाप जंगलाच्या तोंडाशी जागून रायला,” ते म्हणाले, “अन् तू कायले हे धरून बसली?”

खुशबू दिवसभर माझ्यासमोर बसून राहिली. दिवस कलल्यावर तिने टीव्ही लावला आणि पहिल्यांदा रिमोट उचलला. केवलराम येऊन शेजारी बसला. तिने त्याच दबलेल्या बटणावर आपला अंगठा दाबला, आणि कुलीने इतके दिवस उचलून धरलेला पाय खाली टेकला.

मित्रांनो, मी निर्जीव आहे म्हणतात, पण त्या वेळी माझं अंग तापलं होतं. दगड आले, ते तिने चुकवले. पूल तुटला, त्याच्या आधीच ती पलीकडे होती. तिचा अंगठा आईसारखाच चालत होता. कुली माथ्यावर पोचला. झोपडीचं दार उघडलं. केवलराम पुढे सरकून बसला. कुली आत गेला, दार लागलं, पडदा काळा झाला.

आणि मग पहिला डोंगर आला. पायथ्याशी कुली उभा होता, डोक्यावर तेच गाठोडं.

झोपडीत हेच होतं. माझ्या खेळाला शेवटच नाही. आठवा सरला की पुन्हा पहिला. ज्यांनी मला अर्ध्यात सोडलं, ते खरं तर काहीच चुकले नव्हते. एवढी वर्षं हे मी एकट्याने सांभाळलं होतं, आणि नेमकं या मुलीला दाखवायची पाळी माझ्यावर आली. जमलं असतं तर मी त्या क्षणी जळून गेलो असतो.

“बाबा, हा सरतच नाही,” खुशबू म्हणाली. “तिथं कोनीच नाही.”

केवलराम पडद्याकडे बघत राहिला. त्याला खेळातलं काही कळत नव्हतं, पण डोक्यावरचं ओझं कळत होतं.

“लई वाहलं तिनं,” तो म्हणाला. “हात लाव, बाई.”

खुशबूने रिमोट ठेवला. माझा खटका एका बोटाचा आहे. तिने दोन्ही हात लावले, अंगणात टोपल्याला लावायची तसे, आणि तो हळूच खाली केला. माझा दिवा विझला. त्याच संध्याकाळी बॅटरी शेतात गेली आणि केवलराम घरी झोपला. भोजराजांनी रात्री टोपलं पुन्हा राखेवर पालथं घातलं आणि सकाळी उचललं. राखेत काय होतं ते मला फळीवरून नीट दिसलं नाही. केवलराम मात्र खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

मी अजून त्याच फळीवर आहे. मला कोणी लावत नाही आणि माझी तक्रारही नाही. खुशबू आता गोंदियाला कामाला जाते, सुटीला आली की माझ्यावरची धूळ पुसते. अंगणात पावलं थांबत नाहीत. माझं ते रबरी बटण मात्र अजून दबलेलंच आहे, ते काही वर आलं नाही.

मित्रांनो, खेळ अर्ध्यात सोडायला माझी ना नाही. पण ‘आत्ता येतो’ म्हणून कोणाला थांबवून ठेवू नका. उठून जाताना खटका बंद करून जा. आमचं ओझं आम्हाला आपल्या हाताने उतरवता येत नाही.